पापणी लवली तर हजर

त्या सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी कामावर होते. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, कारण त्या वेळी एका निवृत्त शिक्षिकेचा उजवा गुडघा माझ्या दोन्ही हातांत होता आणि त्या ओठ चावत म्हणत होत्या, "अगं, जरा दमानं घे." पण हॉस्पिटलने नव्याने आणलेल्या हजेरीच्या ॲपनुसार मी त्या दिवशी आलेच नव्हते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर, मेणाच्या शेकाच्या खोलीशेजारी माझं टेबल. तेव्हा तिथे मला बावीस वर्षं झाली होती. मला दिसत नाही. तीन वर्षांची असताना गोवर आला आणि उतरताना डोळे घेऊन गेला. आतलं सगळं सुकलं, पापण्या अर्ध्यावर थांबल्या. त्या पुऱ्या उघडत नाहीत आणि पुऱ्या मिटतही नाहीत. एरवी मी हे कुणाला सांगत बसत नाही, गॉगल लावते आणि कामाला लागते. इथे सांगतेय, कारण पुढचं सगळं रामायण या पापण्यांवरून झालं.

यंत्रांशी माझं वैर नाही, हेही आधीच सांगून टाकते. उलट यंत्रांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे तेवढं नातेवाइकांचंही नसेल. मी कॉलेजात असताना मला एक खाजगी पत्र आलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या काकू वाचून दाखवायच्या, पण मग ते सगळ्या मजल्याला कळलं असतं. ते पत्र मी कुणाकडूनच वाचून घेतलं नाही. ते तसंच राहिलं आणि लिहिणाराही पुढे निघून गेला. त्यानंतर काही वर्षांनी अंधशाळेतल्या माझ्या एका वर्गमित्राने मला बोलणाऱ्या संगणकासमोर बसवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर फुकट होतं, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, आणि त्यातले कितीतरी आमच्यासारखेच न दिसणारे. सुरुवातीला ते मराठी असं वाचायचं की हसून पोट दुखायचं. पण त्या दिवशी मी माझ्या नावाने आलेली मेल पहिल्यांदा मीच वाचली. मधे कुणी नव्हतं. घरी येऊन मी आईला म्हटलं, आजपासून माझी पत्रं माझी.

म्हणून ॲप येणार म्हटल्यावर मला आनंदच झाला होता.

हजेरीचा आमच्याकडचा इतिहासही थोडा सांगायला हवा. आधी मस्टर होतं. क्लार्क माझ्या नावाखाली पट्टी धरायचा, मी पट्टीच्या काठाने सही करायची. मग अंगठ्याचं मशीन आलं. माझं त्याच्याशी छान जमलं, पण आमच्या वॉर्डातल्या मावशींचं जमेना. हॉस्पिटलात आयांना मावशीच म्हणतात. ही मावशी माहुलच्या कोळीवाड्यातली. लग्नानंतर तीस वर्षं तिने कोळंबी सोलली, बोंबील मिठात घातले. खाडीत मासळी उरली नाही तशी ती हॉस्पिटलात लागली आणि दिवसभर फिनेलच्या पाण्यात हात. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मी तिचे हात हातात घेऊन पाहिलेत, मनगट दुखायचं तिचं. बोटांची टोकं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत. मशीन रोज म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. ती पाच-सहा वेळा अंगठा दाबायची आणि शेवटी म्हणायची, "राहू दे रे बाबा, तुला नाय वळखायचं मना." मग सुपरवायझर तिची हजेरी वेगळ्या वहीत लिहायचा. बरेचदा विसरायचा.

मी तेव्हा काय केलं? काही नाही. माझा अंगठा लागत होता.

नव्या ॲपमध्ये अंगठा नव्हता. ते प्रत्येकाने स्वतःच्या फोनमध्ये घ्यायचं, लोकेशन कायम चालू ठेवायचं, हॉस्पिटलच्या आवारात आलं की फोन चेहऱ्यासमोर धरायचा. सोमवारी सकाळी फाटकाशी सगळे असे फोन धरून उभे होते. मीही धरला. फोनमधली बाई इंग्रजीत म्हणाली, गॉगल काढा. काढला. म्हणाली, चेहरा चौकटीत आणा. आता चौकट कुठे आहे ते मला कसं कळावं, पण एका सिस्टरने माझं कोपर जरा वर केलं आणि ते जमलं. मग ती म्हणाली, पापणी लववा.

मी प्रयत्न केला. कपाळ वर ओढलं, गाल ताणले. मागे रांग थांबली होती.

"लाइव्हनेस चेक फेल्ड," बाई म्हणाली. मी पुन्हा धरला. तेच. चौथ्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा बाजूला होता का, आमचा लेट मार्क लागेल." मी बाजूला झाले आणि शिक्षिकाबाईंच्या गुडघ्याकडे गेले.

दहाच्या सुमारास मावशी चादरी घेऊन आली.

"लागली का गं तुझी?" मी विचारलं.

"कुठली लागते? माझा फोन बटनाचा. सुनेचा हाय तसला, पण ती तो घेऊन सकाळीच बाजारात बसते. मासळीचे पैसे त्याच्यावरच येतात ना. मी काय तिचा धंदा बंद करू?"

"म्हणजे आज आपण दोघी गैरहजर."

"मग जाऊया का घरी?" मावशी म्हणाली. दोघी हसलो आणि कामाला लागलो.

दुपारी मी एचआरच्या मॅडमकडे गेले. तरुण बाई, बोलायला गोड, मुलुंडहून यायच्या. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमची हजेरी आम्ही हाताने टाकू. तुमची स्पेशल केस आहे." मी बरं म्हटलं. इथे माझं चुकलं, हे मला आता कळतं. मला वाटलं, सुटले. मावशीचं काय, हेही मी त्या दिवशी विचारलं नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून सुनेचा फोन आणायला सुरुवात केली आणि सून बाजारात रोख घेऊ लागली. रोख नसणारी गिऱ्हाइकं शेजारच्या पाटीवर जाऊ लागली.

महिनाअखेरीला माझ्या फोनवर संदेश आला. फोनने तो मला नेहमीच्या शांत आवाजात वाचून दाखवला: या महिन्यात आपण चौदा दिवस विनापरवानगी गैरहजर होता. हाताने टाकलेल्या नोंदी सिस्टिमने दर रविवारी पुसल्या होत्या. शेवटच्या रविवारनंतरच्या तेवढ्या वाचल्या, त्याआधीच्या चौदा गेल्या.

मी पुन्हा वर गेले.

"हो, तो ग्लिच आहे," मॅडम म्हणाल्या. "एक सोपा उपाय आहे. तुम्ही त्या चौदा दिवसांचा रजेचा अर्ज टाका, मी लगेच मंजूर करते. सगळं ॲडजस्ट होईल."

"पण मी रजेवर नव्हते."

"मला माहीत आहे ना. मी रोज तुम्हाला बघते."

"तुम्ही मला रोज बघता, तरी मी आले नव्हते असं मीच लिहून द्यायचं?"

"मॅडम, फक्त कागदोपत्री."

मी म्हटलं, "कागदोपत्री तर नाहीच देणार. बाकी कुठेही म्हणा, मी नव्हते म्हणून."

  त्या म्हणाल्या, "तुम्ही विषय उगाच वाढवताय."

घरी चेंबूरला आल्यावर आईला सांगितलं. आई मालवणकडची, वडील गिरणीत होते तेव्हापासून मुंबईत, पण रागावली की पुरी मालवणी होते. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू कामार आसस की नाय, ता ज्याचे गुडघे दाबतस तेका इचारूचा. त्या मशिनीक काय कळता?" आणि मग जरा थांबून, "पण नोकरी घालवू नको गो."

वर्गमित्राला फोन केला. आमचं शाळेपासूनचं एकेरी आहे. तो मुलुंडच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला होता. मला वाटलं होतं तो माझ्या बाजूने तलवार घेऊन उभा राहील.

"टाक ना रजा यार," तो म्हणाला. "काय बिघडतं?"

"तू बोलतोयस हे?"

"हो, मीच बोलतोय. ऐक. तू तिथे बोंब मारलीस, की उद्या तिथे कोण आंधळ्याला नोकरी देणार? म्हणतील, एक घेतली आणि केवढी कटकट. माझ्या टेबलावर आता फोनसुद्धा नाही, माहितीय तुला? सगळं आपोआप जोडलं जातं. तरी मी रोज जातो, डबा खातो, गप बसतो. का? आपल्यातल्या पुढच्याची वाट लागू नये म्हणून."

"तू गप बसलास, मग त्यांनी पुढचा कुणी घेतला?"

पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला.

"सांग ना. किती घेतले?"

"तू ना, शाळेत पण अशीच होतीस," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन आठवडे त्याचा फोन नाही.

मी रजेचा अर्ज टाकला नाही. त्याऐवजी रोज माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवू लागले. किती वाजता, कुठला सांधा, काय केलं. मी सांगायचे, पेशंटने वहीत लिहायचं, वाचून दाखवायचं आणि खाली सही करायची. त्यांना कारण सांगावं लागे. शिक्षिकाबाईंनी तर शेरा मारला, "व्यायाम कठोर, उपस्थिती नियमित."

एचआरकडे केलेल्या माझ्या लेखी तक्रारीवरून ॲपच्या कंपनीने अंधेरीहून आपला इंजिनिअर पाठवला. तिशीतला असावा, आवाजात नम्रपणा होता. एचआरच्या मॅडमही बसल्या. त्याने माझा फोन घेतला, मला पुन्हा पापणी लववायला लावली, पुन्हा तेच उत्तर आलं.

"मॅम, हे लाइव्हनेससाठी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय, मराठीत सांगा."

"म्हणजे समोर खरा माणूस आहे की कुणी त्याचा फोटो धरलाय, ते तपासायचं. पापणी लवली तर माणूस जिवंत."

"आणि नाही लवली तर?"

तो अवघडला. "तर... सिस्टिमला खात्री होत नाही."

"हे बनवताना, ज्याची पापणी लवत नाही अशा कुणाला दाखवलं होतं का?"

"रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं, मॅम."

त्याचा मला राग आला नाही. खरं बोलत होता. मी विचारलं, दुसरा काही मार्गच नाही का? तेव्हा तो सहज म्हणाला, "आहे ना. मान डावीकडे-उजवीकडे वळवायचा पर्याय आहे. सेटिंगमध्ये फक्त एक टिक करायची. आम्ही तो बंद ठेवतो, कारण त्याला माणसामागे तीन सेकंद जास्त लागतात. मोठ्या ठिकाणी रांग वाढते."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तीन सेकंद. माझे चौदा दिवस तीन सेकंद वाचवायला गेले होते. आणि हे कुणी ठरवलं होतं, तर कुणीच नाही. कंपनी म्हणाली, हॉस्पिटलने मागितलं नाही. हॉस्पिटल म्हणालं, कंपनीने सांगितलं नाही. मधल्या मधे मी मेले.

"मग झालं तर," एचआरच्या मॅडम खुशीत म्हणाल्या. "यांच्यापुरतं चालू करून द्या. तुम्ही फक्त अपंगत्वाचा दाखला अपलोड करा, दर वर्षी रिन्यू होईल."

त्या क्षणी हो म्हणायचा मोह झाला, खोटं सांगणार नाही. माझा प्रश्न टेबलावर सुटत होता. मी दरवाज्याकडे कान दिला. बाहेर व्हरांड्यात मावशीची बादली सरकत होती.

"सगळ्यांसाठी चालू करा," मी म्हटलं. "दाखला न मागता. कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, कुणाचा चेहरा लकव्याने वाकडा होतो, ते काय दर वेळी दाखला आणतील? आणि मावशींना फोन कुठून आणायचा ते सांगा. हजेरी तुमची, तर यंत्रही तुमचं लावा फाटकाशी. चेहरा नको तर कार्ड."

"तुमचा प्रश्न सुटला ना?" मॅडमचा आवाज बदलला. "मावशींचं तुम्ही कशाला बोलताय?"

"कारण मागच्या वेळी त्यांचा अंगठा लागत नव्हता, तेव्हा मी बोलले नव्हते."

बैठक तिथेच संपली. आठवड्याने मला मेमो आला, नव्या यंत्रणेला सहकार्य न केल्याबद्दल खुलासा करा म्हणून. तो छापील कागद होता. मी तो परत पाठवला आणि सोबत मेल केली: मेमो मला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावा, मिळताच खुलासा करते. पाच दिवसांनी मेल आली. मी खुलासा केला. एका ओळीचा: मी रोज हजर आहे, सहकार्य यंत्रणेने केलेलं नाही.

अपंगांच्या तक्रारी ऐकणारं एक सरकारी कार्यालय आहे, तिथे अर्ज करायचं मी ठरवलं. अर्ज ऑनलाइन होता. सगळा भरला. शेवटी पान म्हणालं, चित्रात दिसणारी अक्षरं लिहा. आवाजाचा पर्याय नव्हता. मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ बसले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, इथेही डोळेच मागतायत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. काठीची टकटक ओळखीची होती. वर्गमित्र आत आला, नेहमीच्या खुर्चीवर आपटून बसला आणि म्हणाला, "तुझं ते ॲप मी माझ्या फोनवर टाकलं. तीन दिवस बँकेत बसून तेच केलं, नाहीतरी कामं काय होती. भंगार आहे."

"रागावलायस ना माझ्यावर?"

"राग आहे. पण भंगार ते भंगारच." मग त्याने फोन काढून मला ऐकवलं. तो पडद्यावर बोट फिरवी आणि फोन म्हणे, बटण. बटण. बटण. एकाही बटणाला नाव नव्हतं. 'रद्द करा' कुठलं आणि 'पाठवा' कुठलं, देव जाणे. लोकेशन रात्रंदिवस चालू राहतं, बंद केलं की ॲप उघडत नाही. त्याने सगळं मुद्देसूद लिहिलं होतं, कुठल्या पानावर काय अडतं, कसं दुरुस्त होईल, किती कमी काम आहे. तो शाळेत गणितात पहिला यायचा, हे मी विसरले होते.

"आपण छापून घेऊ आणि हातानेच देऊ," तो म्हणाला. "मी येतो."

"तुझ्या पुढच्यांचं काय?"

"पुढच्यांसाठीच येतोय. जास्त विचारू नकोस."

अर्जावर मी माझी सही केली. मावशीला फक्त दाखवायला नेला होता, ती म्हणाली मीही करते. तिच्यामागून आणखी आठ मावश्या आल्या. शाईचा पॅड कुणीतरी आणला. मावशी म्हणाली, "सही येते मना. चौथीपर्यंत शिकलेय. पण मी अंगठाच देणार." तिने अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. मी विचारलं, "उमटला का?" एक सिस्टर वाकून बघत म्हणाली, "रेषा नाहीयेत. गोळा आलाय नुसता."

"तोच माझा," मावशी म्हणाली.

सुनावणीला चार महिने लागले. माझी पुढची हजेरी तक्रारीनंतर वहीत लिहिली जात होती, ते चौदा दिवस मात्र तसेच होते. त्या काळात माझं टेबल मेणाच्या खोलीशेजारून उचलून जिन्याखालच्या जागेत नेलं. कारण विचारलं तर म्हणाले, रंगकाम. रंगाचा वास मात्र कधी आला नाही. काही सहकारी माझ्याशी बोलताना आवाज खाली आणू लागले, काही बोलेनासे झाले. मी घाबरले नाही असं नाही. आईची औषधं माझ्या पगारावर होती. पण रोज सकाळी फाटकाशी थांबून मी फोन चेहऱ्यासमोर धरायचे, तो म्हणायचा फेल्ड, आणि मी आत जायचे. ते मी एकही दिवस चुकवलं नाही. सिक्युरिटीवाले काका शेवटी म्हणाले, "कशाला स्वतःला त्रास देता, ताई? माहितीय ना नाय म्हणणार ते?" मी म्हटलं, "त्याने रोज नाही म्हणायला हवं. एक दिवस चुकला तर म्हणतील, बाई आलीच नव्हती."

सुनावणीच्या खोलीत एसीचा गारठा होता. अधिकारी बाई होत्या, जुन्या वळणाचं शुद्ध मराठी बोलणाऱ्या. हॉस्पिटलच्या वकिलांनी सांगितलं की तंत्रज्ञान सगळ्यांना सारखं असतं, त्यात भेदभावाचा हेतू नाही, आणि अर्जदारांना सूट देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली.

"का नाकारलीत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मी पाठ करून गेले होते, पण ते सगळं विसरले. जे तोंडात आलं ते बोलले.

"मॅडम, सूट म्हणजे माझं नाव वेगळ्या वहीत. ती वही कुणी लिहायला विसरलं की मी नाही. मी बावीस वर्षं काम करतेय, मला मेहरबानीने हजर व्हायचं नाही. हेतू नाही म्हणतात, ते खरं आहे. माझा कुणी विचारच केला नाही, तर हेतू कुठून येणार? पण यंत्र विकत घेताना कुणीतरी सही केली असेल ना? त्याने एवढंच विचारायचं होतं, हे आमच्या सगळ्या माणसांना चालतं का? ते विचारायला तीन सेकंदही लागले नसते."

वर्गमित्राने मग त्याचे मुद्दे मांडले. वकील मधे म्हणाले, हे तज्ज्ञ आहेत का? अधिकारी बाई म्हणाल्या, "ते वापरणारे आहेत. चालू द्या." त्यांनी पेशंटांच्या सह्यांची माझी वही मागून घेतली आणि पानं उलटण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. शिक्षिकाबाईंच्या शेऱ्याशी पोचल्या असाव्यात, कारण मधेच त्या किंचित हसल्या.

निकाल महिन्याभराने मेलवर आला, वाचता येईल अशा फाइलमध्ये. चौदा दिवस 'हजर' करावेत. मान वळवायचा पर्याय सगळ्यांना, दाखल्याशिवाय. हजेरीचं यंत्र हॉस्पिटलने स्वतःचं लावावं, कार्डाची सोय ठेवावी, कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनची सक्ती करू नये. बटणांना नावं द्यावीत. जे फोनवरच ॲप ठेवतात त्यांच्या लोकेशनचा मुद्दा मात्र आपल्या कक्षेत येत नाही, असं त्यांनी म्हटलं. तो अजून तसाच आहे. पुढचा दरवाजा कुठला ते आम्ही दोघं शोधतोय.

सगळं गोड झालं असं नाही. माझं टेबल जिन्याखालीच राहिलं, आता मला तिथली सवय झालीय. एचआरच्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. जाताना भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावर वरून प्रेशर होतं." मी म्हटलं, असेल. वर्गमित्राला त्या कंपनीच्या इंजिनिअरने फोन केला, बटणांची नावं नीट झालीत का बघून द्याल का म्हणून. त्याने सांगितलं, देतो, पण कामाचे पैसे घेईन. आता तो बँकेतून सुटला की ते करतो, आणि दर वेळी मला फोन करून सांगतो की काल त्याने किती चुका काढल्या.

मागच्या वर्षी ट्रस्टने मला खरेदीच्या समितीवर घेतलं. बहुधा बाहेरून बोलण्यापेक्षा आत बसलेली बरी, असा हिशेब असावा. मी म्हटलं, येते, पण एकटी नाही. मावशींपैकी एक सोबत हवी. यावर दोन बैठका वाया गेल्या. शेवटी मानलं, आणि माझ्यासोबत माहुलची मावशीच आली.

पहिल्याच दिवशी एक विक्रेता आला. पेशंटकडून घरी व्यायाम करून घेणारं ॲप. फोन समोर ठेवायचा, तो पेशंटचं शूटिंग करतो आणि गुडघा किती वाकला ते सांगतो. बोलणं झकास होतं. मी विचारलं, मराठीत आहे का? लवकरच, म्हणाला. ज्याला दिसत नाही त्याला चालेल का? त्यावर काम सुरू आहे, म्हणाला. मला खरंच उत्सुकता होती. चांगलं असतं तर माझ्या किती पेशंटांचा येण्या-जाण्याचा त्रास वाचला असता.

 मग मावशीने विचारलं, "बाया गुडघ्यावर साडी घेऊन व्यायाम करतील. त्याचं शूटिंग कुठं जाणार?"

"क्लाउडवर, ताई. एकदम सेफ."

"ते कुठं आलं?"

"म्हणजे... सर्व्हर असतात. वेगवेगळ्या ठिकाणी."

"ठिकाणाला नाव असेल ना? आमच्या माहुलला हाय. घाटकोपरला हाय. त्याला काय नाव?"

विक्रेता म्हणाला, विचारून कळवतो. ट्रस्टी घड्याळ बघत असावेत, कारण कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. मी म्हटलं, लिहून कळवा, आम्ही थांबतो. आणि मेल पाठवा, कागद नको.

त्याला आता सात महिने झाले. मेल आलेली नाही, आणि ते ॲप आम्ही घेतलेलं नाही.